मधल्या खोलीपासून आठ पावलं

३ ऑगस्ट, रविवार

आज बाग्योच्या घरी 'तामात'ची बैठक. तामात म्हणजे 'संपला', गेम संपवणाऱ्यांचा आमचा ग्रुप. सरबताची बाटली हलवली, झाकणाच्या भोकातून स्ट्रॉचा तुकडा पडला, आतल्या चिठ्ठीवर माझं नाव. टाळ्या. मग गेमची चिठ्ठी काढली. 'सेंथोंग', म्हणजे जुन्या घरातली मधली खोली. भुताचा गेम आहे. टाळ्या जरा जास्तच वाजल्या.

गेम किनांतीने स्वतः बनवलाय, सोलो शहरातल्या तिघा मित्रांबरोबर. जूनमध्ये ग्रुपमध्ये आली आणि लगेच आपलाच गेम बाटलीत! पुढच्या महिन्यात बाजारात येणार. बाहेरच्या बावीस जणांना खेळायला दिला होता, एकानेही संपवला नाही म्हणे. बाग्यो म्हणाला, विनदादा, भुताचं झेपेल ना? नाहीतर चिठ्ठी बदलून घ्या, आपलीच माणसं आहेत. मी हसलो. म्हटलं, एकसष्ट गेम संपवलेत मी, भूत काय चीज आहे! कप बशीत खडखडत होता, तो बशी वाकडी असल्यामुळे. बाग्योच्या घरात एक वस्तू धड नाही.

नियम माझेच आहेत. शेवटी बनवणाऱ्यांची नावं वर सरकताना पाहिली असतील, तरच त्या गेमबद्दल तोंड उघडायचं. महिन्यात गेम संपला नाही, तर पुढचं वर्षभर गप्प बसून दुसऱ्यांचे अनुभव ऐकायचे. आणि न संपवणारा अध्यक्ष असेल, तर बाटली दुसऱ्याच्या घरी जाणार. सात वर्षं बाटली आमच्या शोकेसमध्ये आहे. बाग्योच्या शोकेसमध्ये आज मधोमध एक जागा रिकामी दिसली. पुसून ठेवलेली होती.

संकल्प: आठवड्यात संपवणे.

४ ऑगस्ट

वेळ वाचावा म्हणून 'अनुभव' आधीच लिहून टाकला. "या गेमला भीतिदायक म्हणणं म्हणजे आमच्या गल्लीतल्या मांजराला वाघ म्हणणं. दारातच मला जांभई आली." छान उतरलाय. एरवी लिहिण्याआधी मी इतर तीन-चार जणांचे अनुभव वाचतो. या गेमचे कुठेच सापडत नाहीत. नव्या गेमचा हा मोठा दोष आहे.

एकसष्ट गेमची यादी पुन्हा पाहिली. शेतीचे, मासेमारीचे, नूडल्सच्या गाडीचे, मांजराच्या पोस्ट ऑफिसचा एक. भुताचा एकही नाही. योगायोग.

५ ऑगस्ट, सकाळी ७.१०

दुकान नऊला उघडायचं असतं, म्हणून ही वेळ ठरवली. सुरू केला. आधी ओसरी, मग दार, मग अरुंद अंधारा बोळ. बोळाच्या टोकाला मधल्या खोलीचं दार. आठ पावलांवर. बोळात एक म्हातारी आपल्याकडे पाठ करून बसलेली, लहान खलबत्त्यात विडा कुटतेय. टोक. टोक. टोक.

७.१४. बंद केला. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय.

दुपारी दुकानात स्वतःचे डोळे तपासले. वीस वर्षं लोकांचे तपासतोय, स्वतःकडे कोण बघतं? नंबर तोच निघाला. मशीन जुनं झालंय.

६ ऑगस्ट

निर्णय: भुताचा गेम उजेडातच पारखावा. अंधारात कुणीही घाबरेल, त्यात गेमचं काय कौतुक? खिडक्या उघडल्या. आवाज बंद. गेमची चौकट पोस्टकार्डाएवढी केली. शेजारी रेडिओ लावला.

तीन पावलं गेलो. म्हातारीचा हात थांबला. तिने मान वळवली. पाठ तशीच, नुसती मान. मी पळालो, म्हणजे गेममध्ये. तिने गाठलं, कानाशी तोंड आणून काहीतरी पुटपुटली आणि मी परत ओसरीवर. काय पुटपुटली कोण जाणे, आवाज बंद होता.

खुर्चीवरून पडलो. खुर्ची बदलायला झालीच होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी अंघोळीला बसलो होतो. डोक्याला साबण. मागच्या खोलीतून आवाज आला. टोक. टोक. टोक.

पुढचं नीट आठवत नाही. गल्लीत उभा होतो, टॉवेल होता, एवढं नक्की. शेजारच्यांना सांगितलं की पाण्याचा दाब बघायला बाहेर आलोय. ते बराच वेळ माझ्या डोक्यावरच्या फेसाकडे बघत राहिले.

सासूबाई वोनोसोबोहून आल्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता महिनाभर राहून आमच्याच दुकानातून नवीन चष्मा करायचाय. काल मी यायच्या आत जेवून झोपल्या होत्या. येणार म्हणून एंदाहने दोनदा सांगितलं होतं म्हणे. बायका सांगतात तेव्हा आपण ऐकू येण्याच्या जागी नसतो. सासूबाईंना दात नाहीत, विडा कुटून खातात. दहा वर्षं कुटतायत. मला आजवर त्या आवाजाचं काही नव्हतं.

११ ऑगस्ट

बाग्योचा मेसेज: कुठवर आलं? मी लिहिलं, मधली खोली समोर दिसतेय. शब्दशः खरं आहे.

मग किनांतीचा: दादा, आजीने जाऊ दिलं का? मी लिहिलं, थोडी बाचाबाची झाली, पण मिटली. तिने डोळे विस्फारलेला चेहरा पाठवला. एवढं आश्चर्य कसलं?

१३ ऑगस्ट

डावपेच आखले. (१) भिंतीला चिकटून पळणे. (२) वेगाने पळणे. (३) डोळे मिटून पळणे. तिन्ही वेळा ओसरीवर. एकूण खेळ सहा मिनिटं.

कंट्रोलरच्या एका बटणाने आपला माणूस कमरेत वाकतो आणि एक हात पुढे खाली सोडतो. खाली पडलेलं उचलायला असणार. बोळात पडलेलं काही नाही. फुकटचं बटण. अनुभवात टीका करणे.

१६ ऑगस्ट

एंदाह म्हणाली, अहो, मीठ आणायला मागच्या खोलीत सांगितलं तर तुम्ही वाण्याकडून नवीन पुडा आणलात, हे तिसऱ्यांदा. आणि संडासात राष्ट्रगीत कशाला म्हणता? मी म्हटलं, उद्या सतरा ऑगस्ट आहे, देशाचा वाढदिवस. ती म्हणाली, दार उघडं ठेवून?

मग ती शेजारी बसली. म्हणाली, सांगून टाका ना त्यांना, भीती वाटते म्हणून. काय होणार आहे? बाटली जाईल, जाऊ दे. चार आण्याची बाटली ती.

तिला कळायचं नाही. इथे लिहायला हरकत नाही. महिन्यातून एक रविवार दहा माणसं गप्प बसून माझं बोलणं ऐकतात. बाकी एकोणतीस दिवस मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि विचारतो, असं बरं दिसतं की असं? बाटली गेली तर मी फक्त चष्मेवाला. याची मला खरी भीती वाटते. म्हातारीची नाही.

(म्हातारीचीही थोडी.)

१७ ऑगस्ट, रविवार

गल्लीत स्वातंत्र्यदिनाचे खेळ. दोरीला टांगलेला पापड तोंडाने खाण्यात मी शेवटून दुसरा. वारा नेमका माझ्याच पापडाला लागत होता.

पण पोत्याच्या शर्यतीत पहिला! आयुष्यात पहिल्यांदा! शिट्टी झाली, मी रमतगमत उड्या मारत होतो, सहज बाजूला बघितलं तर शेजारच्या रांगेत पोचोंग. नखशिखान्त कफनात बांधलेला, डोक्यावर गाठ, काळा चेहरा, आणि माझ्याबरोबर उड्या मारतोय. पोचोंग असाच चालतो, पाय बांधलेले असतात ना. दरवर्षी कुणीतरी टवाळ असं सोंग घेऊन पोत्याच्या शर्यतीत उतरतो, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी वेग घेतला. शेवटची दोरी ओलांडली, गल्ली ओलांडली, मोठ्या रस्त्यावरच्या लुम्पियाच्या, म्हणजे तळलेल्या रोलच्या, दुकानापाशी थांबलो. पोतं अंगावरच होतं.

बक्षीस म्हणून प्लास्टिकची बादली मिळाली. जिद्द असली की वय आड येत नाही.

२१ ऑगस्ट

अठरा दिवस झाले. सर्वाधिक प्रगती: पाच पावलं.

आज सासूबाईंना शेजारी बसवलं. अट एकच, विडा कुटायचा नाही. नवा चष्मा लागल्यापासून त्या सगळं टक लावून बघतात, भिंतीवरची पाल, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, माझ्या नाकातले केस. स्क्रीन मोठा करायला लावला. म्हणाल्या, ही बाई काहीतरी बोलतेय रे विन, आवाज तरी लाव. मी म्हटलं, ईबू (सासूबाईंना मी ईबू म्हणतो, म्हणजे आई), आवाजाने लक्ष विचलित होतं. मी पळालो, ओसरीवर आलो. पुन्हा पळालो, पुन्हा ओसरीवर.

मग त्या म्हणाल्या, अरे तू चपला घालून लोकांच्या घरात शिरतोस, म्हातारं माणूस वाटेत बसलंय, त्याच्या अंगावरून उंडग्यासारखा पळतोस. ना नमस्कार ना चमत्कार. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी खलबत्ताच हाणला असता. भूत कसलं, तिच्या जागी मीही मान वळवली असती.

मी समजावलं, ईबू, हा कॉम्प्युटर आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण घर तिचं आहे ना?

जुन्या लोकांना हे तंत्र समजत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी कंट्रोलर जरा ईबूंच्या हातात देऊन दुकानात गेलो. तातडीचं काम होतं. (रविवारी दुकान बंद असतं, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. तासभर फ्रेमा पुसल्या.)

परत आलो तर ईबू घरात! म्हणजे गेममधल्या घरात, बोळाच्या पलीकडे. अंगण झाडत होत्या. मी दारातूनच विचारलं, म्हातारी? त्या म्हणाल्या, बसलीये तिच्या जागी. वाकून, हात पुढे करून, येऊ का आई, जरा पलीकडे जाते म्हटलं. सरकून बसली बिचारी. अंगणात केवढा पाचोळा साचलाय बघ, म्हातारीला वाकवत नसेल.

ते वाकायचं बटण! वाटेत बसलेल्या थोरामोठ्यांपुढून कमरेत वाकून, हात खाली करून, परवानगी मागत जायचं, हे मला माझ्या आईने दोन वर्षांचा असताना शिकवलं. लग्नकार्यात आजही तसाच जातो. पण भुतापुढे कोण वाकतं? गेममध्ये ही गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी होती.

कंट्रोलर घेतला, वाकलो. वाकता वाकता तिचा हात थांबला आणि मी पळालो. ओसरी. ईबूंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं काहीसं.

नवी योजना: प्रत्यक्ष काम ईबूंकडे, देखरेख माझ्याकडे. मोठ्या कंपन्यांत हेच चालतं.

२८ ऑगस्ट

काम वेगात. आम्ही तांदूळ निवडले, चूल पेटवली, कोनाड्यातला दिवा लावला. मी स्वयंपाकघरातून देखरेख करतो, ईबू ओरडून कळवतात, मी टिपून घेतो. मी घराबाहेर गेल्यावर त्या आवाज लावतात, असं एंदाह म्हणते. लावू देत.

बाग्योला कळवलं: दिवा लागला. तो म्हणाला, दादा, तुम्ही खरंच वाघ आहात. मी नम्रपणे नाकारलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०.२०

संपला!! मधलं दार उघडलं तेव्हा मी बादली भरायला मोरीत होतो, पण नावं वर सरकताना पाहिली. दारातून, एका डोळ्याने, पण पाहिली. कंट्रोलर कुणाच्या हातात असावा, याबद्दल नियमात एक अक्षर नाही. नियम मीच केलेत.

ईबू चष्मा काढून पदराने डोळे पुसत होत्या. म्हटलं, काय होतं आत? त्या म्हणाल्या, जाऊन बघ. म्हटलं, ईबू, थोडक्यात सांगा ना. त्या म्हणाल्या, थोडक्यात सांगण्यासारखं नाही ते.

३ सप्टेंबर

कोवळी पानं आणली. चांगला काथ आणला. गरम लुम्पिया आणले, तेही त्याच दुकानातून. ईबूंनी सगळं खाल्लं आणि तांदळात खडे किती होते तेवढं सांगितलं. खोलीत काय होतं, ते नाही.

हरकत नाही. अनुभवाचा शेवट नव्याने लिहिला: "मधली खोली म्हणजे आपलं रिकामं मन." असं लिहिलं की कुणी पुढे विचारत नाही.

६ सप्टेंबर, सकाळी ७.३०

उद्याची बैठक आमच्या घरी. एंदाहला पिवळ्या भाताची मोठी मूद करायला सांगितलीये, केळीच्या पानावर, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं सोयाबीनचं टेम्पे. गेम तामात झाला की मुदीचं टोक कापून मानकऱ्याला देतात. उद्या बाग्योच्या हातून घेणार.

खबरदारी म्हणून शेवट स्वतः बघायला बसलो. पाच पावलं. ओसरी. भात महत्त्वाचा, बाजारात गेलो.

७ सप्टेंबर, रविवार

सगळे आले. अनुभव वाचला. जांभईवर हसले, "रिकामं मन" वर माना डोलल्या. बाग्योचं तोंड पडलं होतं. किनांती मात्र पुढे सरकून बसली होती, हात मांडीत घट्ट धरून. वाचून झाल्यावर हळूच म्हणाली, पण दादा, खोली रिकामी नाहीये.

मी म्हटलं, एका अर्थी नाही, पण दुसऱ्या अर्थी... ती म्हणाली, आजी आत तुम्हाला काय विचारते? तेवढंच सांगा. बावीस जणांत कुणी तिथवर गेलंच नाही, म्हणून मला तुमच्याकडून ऐकायचंय.

एंदाह धरून अकरा माणसं बघतायत. कुणी पापडही चावेना. आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून टोक. टोक. टोक.

बाग्यो ताडकन उडाला. चहा त्याच्या मांडीवर. एरवी मला किती बरं वाटलं असतं! पण मीही तोवर एंदाहचा हात पकडला होता.

ईबू खलबत्ता घेऊन बाहेर आल्या. बसलेल्या माणसांमधून वाकत, हात खाली करून, येऊ का, येऊ का म्हणत. किनांती त्यांच्याकडे बघतच राहिली. ईबू म्हणाल्या, मी सांगते पोरी. खोलीत त्या आजीने विचारलं, कुणाची गं तू? मी एकेक अक्षर शोधून माझ्या आईचं नाव टाकलं. मग म्हणाली, जेवलीस का? ताट झाकून ठेवलंय बघ. अडुसष्ट वर्षांची झाले मी. सगळे विचारतात, तुम्ही कुणाच्या आई, कुणाच्या सासू. कुणाची गं तू, हे मला कोण विचारतंय आता?

किनांती रडायला लागली. तो आवाज तिच्या आजीचा. शेवटच्या वर्षी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेला. आजी गेली, घर विकलं, पाडलं. ते घर आणि तो आवाज कुठेतरी राहावा म्हणून चार वर्षं गेम बनवला. कुणी घाबरावं म्हणून नव्हे. बोळात आजी कानाशी येऊन एवढंच म्हणते, विचारून जा की रे. बावीस जण ते ऐकायच्या आत गेम बंद करून पळाले.

मग तिने मला विचारलं, दादा, तुम्ही आवाज बंद ठेवला होता? रागावली नव्हती. नुसतं विचारलं. रागावली असती तर काहीतरी उत्तर सुचलं असतं. मला लाज वाटली. अगदी पोटातून वाटली. म्हटलं, हो. म्हटलं, ईबूंनी खेळला, मी मोरीत होतो.

मुदीचं टोक किनांतीने कापून ईबूंना दिलं. बाटलीसाठी हात वर झाले, दहाचे दहा ईबूंच्या नावाने. बाग्योचाही. ईबूंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, तोंड रुंद आहे, धुतली की काथ ठेवायला बरी.

९ सप्टेंबर, मंगळवार

ईबू काल सकाळच्या बसने गेल्या, बाटली पिशवीत घालून. शोकेसमध्ये मधोमध जागा रिकामी आहे. पुसून ठेवली.

घर फार शांत आहे. मागच्या खोलीतून काहीच आवाज येत नाही. याचीही भीती वाटेल असं वाटलं नव्हतं.

७.१५ ला बसलो. आवाज लावला. पूर्ण मोठा स्क्रीन. टोक, टोक, टोक. वाकलो. हात थांबला. मान वळली. मी डोळे मिटले, पण पळालो नाही. कानाशी म्हातारा, घोगरा, अगदी साधा आवाज आला: विचारून जा की रे. मी म्हटलं, मोठ्याने, खोलीत एकटा असताना, येऊ का आजी? डोळे उघडले तर ती सरकून बसलेली. समोर मोकळा बोळ.

मोकळा बोळ फारच अंधारा निघाला. आता पुढे सोबतीला तीही नव्हती.

ईबूंना फोन लावला. चष्म्याची चौकशी केली. नाकावर टोचतो का? नाही म्हणाल्या. तिकडून टोक टोक ऐकू येत होतं. म्हणाल्या, वाकलास का? म्हटलं, वाकलो. जाऊ दिलं? दिलं. मग अडलंय कुठे? मी पुन्हा चष्म्याचं विचारलं. म्हणाल्या, विन, तुला भीती वाटते का रे?

हो म्हणालो. लाइन खराब होती, ऐकू गेलं नसावं.

तिकडचं टोक टोक थांबलं. ईबू म्हणाल्या, शुक्रवारच्या बसने येते, तोवर ओसरीवर बसून राहा.

नोंद: शुक्रवारपर्यंत गेम बंद. डोळ्यांना विश्रांती हवी.